मनाचा आजार आणि गुन्हा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरत होती. सारख्या प्रश्नांचा एकच प्रश्न केला आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. पहिली दोन पत्रं लागोपाठ वाचावीत. दोन्हींतलं निदान एकच आहे, उत्तरं मात्र अगदी वेगळी.

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होण्याचा मनाचा आजार) आहे. चार वर्षं औषध एकदाही चुकलेलं नाही, व्यसन नाही, कुणावर हात उगारल्याचं आठवत नाही. तरी खुनाची बातमी आली आणि त्यात ‘मनोरुग्ण’ हा शब्द दिसला, की शेजारी आपल्या मुलांना आमच्याकडे पाठवायचं बंद करतात. तो धोकादायक आहे का?

तुम्ही लिहिलंय तसंच असेल, तर त्याच्यापासूनचा धोका शेजारच्या कुठल्याही तरुणापेक्षा फारसा वेगळा नाही. हे तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. यावर मोठमोठे अभ्यास झालेले आहेत.

अमेरिकेत सुमारे १०,००० लोकांची घरोघरी पाहणी झाली होती. तिचे हिंसेबद्दलचे निष्कर्ष १९९० मध्ये आले. कुठलाही मानसिक विकार नसलेल्यांपैकी वर्षभरात हिंसक वागल्याचं सांगणारे सुमारे २ टक्के होते. फक्त स्किझोफ्रेनिया असलेल्यांत ते सुमारे ८ टक्के, दारूच्या व्यसनींत जवळपास २५ टक्के आणि अमली पदार्थांच्या व्यसनींत ३५ टक्क्यांच्या आसपास. बातमीदार यातलं ‘चौपट’ तेवढं उचलतात. पण ८ टक्के याचाच अर्थ ९२ टक्क्यांनी वर्षभरात काहीही केलं नाही. शिवाय असे रुग्ण मुळात थोडे. त्यामुळे समाजातल्या एकूण हिंसेत गंभीर मानसिक आजाराचा वाटा साधारण ३ ते ५ टक्के निघतो. हे आजार उद्या जगातून नाहीसे झाले, तरी पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास हिंसा जिथल्या तिथे राहील.

ते ८ टक्के कुठून येतात, हे १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात जास्त स्पष्ट दिसतं. तीन शहरांतल्या मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या हजारावर रुग्णांना वर्षभर दर १० आठवड्यांनी भेटून माहिती घेतली. रुग्णाच्या आणि जवळच्या माणसाच्या मुलाखती झाल्या, पोलिसांच्या नोंदीही पाहिल्या. गंभीर आजार आहे पण व्यसन नाही, अशांत वर्षभरातली हिंसा सुमारे १८ टक्के होती. आजाराला व्यसनाची जोड असलेल्यांत ती ३१ टक्के. (हे नुकतेच रुग्णालयातून सुटलेले, शिवाय माहिती तीन बाजूंनी घेतलेली. म्हणून हे आकडे वरच्या ८ टक्क्यांशी थेट ताडू नयेत.) एका शहरात तर रुग्णांच्याच वस्तीतल्या इतर लोकांशी तुलना केली. व्यसन नसलेले रुग्ण आणि व्यसन नसलेले शेजारी यांच्यात फरक सापडला नाही. स्वीडनमधल्या ३० वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी, २००९ मध्ये तपासलेल्या, हेच दाखवतात : व्यसनासह स्किझोफ्रेनिया असेल तर हिंसक गुन्ह्याची शक्यता चौपटीहून अधिक, व्यसन नसेल तर जेमतेम १.२ पट.

आणि एक गोष्ट शेजाऱ्यांना सांगायची तर हीच सांगा. शिकागोमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक वर्षभरात स्वतःच हिंसक गुन्ह्याचे बळी ठरले होते. सर्वसाधारण लोकांच्या ११ पटींहून जास्त. काळजी करायचीच असेल तर तुमच्या भावाला कोण लुबाडतं, कोण मारतं, याची करावी लागते.

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, निदान स्किझोफ्रेनियाचंच. दोन महिन्यांपासून गोळ्या बंद आहेत, गांजा रोजचा झालाय. रात्री झोपत नाही. ‘आई जेवणात काहीतरी घालते’ म्हणतो आणि ताट माझ्यासमोर उलटं करतो. परवा म्हणाला, आवाज सांगतात तिला थांबव. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. तोवर थांबू का?

थांबू नका. हे उत्तर वाचताय त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आधीच्या पत्रातला भाऊ आणि तुमचा मुलगा, दोघांच्या फायलीवर एकच नाव आहे. पण धोका मोजताना आम्ही त्या नावाकडे शेवटी बघतो. आधी बघतो ते हे : औषध बंद आहे का, नशा आहे का, झोप गेली आहे का, संशय एका ठरावीक माणसावर येऊन स्थिरावला आहे का, आवाज काही करायला सांगतात का आणि ते संशयाला जुळतात का, पूर्वी हात उचलला होता का, हाताशी काय आहे. यातल्या पूर्वीच्या मारहाणीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. बाकीचं जवळजवळ सगळं आहे.

नुसता ‘मार’ असं सांगणारा आवाज पुष्कळांना येतो आणि बहुतेक जण तो झुगारून देतात. काळजी वाढते ती आवाज आणि समजूत एकमेकांना टेकू देतात तेव्हा. आवाज म्हणतो ‘तिला थांबव’ आणि मनात आधीच पक्कं असतं, की ती विष घालते. मग त्याच्या दृष्टीने तो हल्ला राहत नाही, बचाव होतो. संशय आईवर का, असंही तुम्ही विचारलं आहे. तुम्ही वाईट वागलात म्हणून नव्हे. ताट त्याच्यापुढे तुम्ही ठेवता, गोळ्या तुम्ही देता, जवळ असता त्या तुम्हीच. अशी हिंसा बहुतेक वेळा घरातच होते आणि घरच्यांवरच होते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या वाट्याला ती क्वचित येते.

तोवर घरात काय करायचं ते सांगतो.

त्याच्याशी एका वेळी एकानेच बोलायचं. टीव्ही बंद. समोरासमोर उभं राहायचं नाही, थोडं तिरकं बसायचं, दोन हात अंतर ठेवून. दरवाजा त्याच्या आणि तुमच्या, दोघांच्याही आवाक्यात हवा. कोंडला गेलोय असं वाटलं, की माणूस धडक देतो. वाक्यं लहान. ‘विष नाहीये, मी कशाला घालू’ असा वाद घालू नका, त्याने संशय पक्काच होतो. ‘हो, घातलंय’ असंही चुकूनसुद्धा म्हणू नका. ‘तुला तसं वाटतंय, भीती वाटत असणार. मला तसं दिसत नाही. तुला झोप लागावी असं बघू,’ इतकंच. झोपेवर बोललेलं बहुतेकांना पटतं, कारण तो त्रास त्यांचा स्वतःचा असतो. जेवण तुम्ही वाढू नका. त्याने स्वतः घ्यावं, किंवा बंद पाकिटातलं द्यावं. यात भ्रमाला खतपाणी नाही, ठिणगी टाळणं आहे. सुऱ्या, कुऱ्हाड, हातोडी तो घरात नसताना हलवा. त्याच्या डोळ्यांदेखत हलवल्या, तर तोच पुरावा होतो. जेवणात गुपचूप गोळी मिसळायचा सल्ला कुणीतरी देईलच. तुमच्या घरात तर ते मुळीच नको. ती सापडली की त्याचा संशय खरा ठरला, आणि पुढची काही वर्षं औषधाचं नाव निघणार नाही.

आवाजांबद्दल विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते वाढत नाहीत. काय म्हणतात, ओळखीचा आवाज आहे का, नाही ऐकलं तर काय होईल म्हणतात, आजवर कधी ऐकलंस का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांना शब्दशः सांगा.

फोनवर ‘मुलगा ऐकत नाही’ असं म्हटलंत, तर पुढच्या आठवड्याचीच वेळ मिळेल. असं म्हणा : ‘निदान स्किझोफ्रेनिया. गोळ्या अमुक तारखेपासून बंद. रोज गांजा. इतक्या रात्री झोप नाही. आईवर विषाचा संशय, आवाज तिला थांबवायला सांगतात. घरात अमुक इतकी माणसं.’ पाच-सहा वाक्यं, आधी कागदावर लिहून घेतलेली. त्याने हत्यार उचललं, दार अडवलं किंवा ‘आज संपवतो’ म्हणाला, तर समजूत घालायची वेळ गेलेली असते. आधी घराबाहेर पडा आणि मग आपत्कालीन मदत मागवा. येणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा, की हा आजारी आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याला कशाची भीती वाटते.

औषध सुरू झालं की काय फरक पडतो, याचेही आकडे आहेत. स्वीडनमधल्या ८०,००० हून अधिक रुग्णांच्या २००६ ते २००९ या काळातल्या नोंदींत त्याच माणसाची औषधावर असतानाची आणि नसतानाची वर्षं ताडून पाहिली होती. सायकोसिसवरची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्यावरची, औषधं चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी होते. तुमचा मुलगा गोळ्या सोडतो हे दिसलेलंच आहे, तर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा विषय या भेटीतच काढा. गांजाचाही काढा. तो चालू ठेवून औषधाचा डोस वाढवत नेणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं.

प्रश्न : गुन्हा करायचा आणि वेडाचं सोंग घेऊन सुटायचं, हे इतकं सोपं का ठेवलं आहे?

सोपं नाही. आणि ‘सुटायचं’ हा शब्द तर फारच उदार आहे.

२० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन या माणसाने एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव होते. आपण पील यांनाच मारतोय अशी मॅक्नॉटनची समजूत होती, आणि सत्ताधारी पक्ष आपल्या मागावर आहे असा त्याचा भ्रम होता. ज्युरीने त्याला सोडलं, त्यावर गदारोळ झाला, आणि न्यायाधीशांनी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाला दिलेल्या उत्तरांतून आजही वापरात असलेली कसोटी तयार झाली. कृत्य करताना मनाच्या आजारामुळे माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं का, किंवा ते चुकीचं आहे हे कळत नव्हतं का? दोन्ही प्रश्नांचा रोख कळण्यावर आहे, आजार असण्यावर नाही. भारतात १८६० च्या दंड संहितेचं कलम ८४ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ हे याच साच्यातलं.

म्हणूनच आजाराची जाड फाईल असली तरी बचाव पडतो. आरोपीने हातमोजे घातले होते, रक्त धुतलं, पळाला, खोटं नाव सांगितलं, यातलं काही निघालं तर न्यायालय म्हणतं, चूक आहे हे याला ठाऊक होतं. अमेरिकेतल्या आठ राज्यांच्या १९९१ च्या पाहणीत हा बचाव गंभीर गुन्ह्यांच्या १ टक्क्याहून कमी खटल्यांत घेतलेला आढळला, आणि घेतलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्साच यशस्वी झाला.

‘सुटलेल्यांचं’ काय होतं ते पाहा. खुद्द मॅक्नॉटन १८६५ मध्ये मरेपर्यंत कोठडीसारख्या रुग्णालयातच राहिला. १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका दुकानातून जॅकेट चोरण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका माणसाला आजारामुळे निर्दोष ठरवलं गेलं. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा होती एक वर्ष. त्याहून किती तरी अधिक काळ तो रुग्णालयात अडकला, आणि १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे चालेल. अध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडणारा जॉन हिंक्ली १९८२ मध्ये याच बचावावर सुटला. त्याच्यावरचे शेवटचे निर्बंध उठायला २०२२ उजाडलं. साध्या चोरीच्या आरोपीला चांगला वकील हा बचाव घेऊच देत नाही, यात नवल नाही.

राहता राहिलं सोंग. तासाभराच्या मुलाखतीत ते जमेलही, दहा दिवस वॉर्डात जमत नाही. नवखा माणूस खूप जास्त करतो. त्याचे आवाज चोवीस तास चालू असतात आणि प्रत्येक हुकूम त्याला मोडवतच नाही. खरे आवाज बहुधा येतात-जातात, आणि ते कशाने कमी होतात हे रुग्णाला माहीत असतं : फेऱ्या मारल्या, कुणाशी बोललं, गाणं लावलं की उतरतात. चित्रविचित्र समजुती सांगणं सोपं. पण विचारांची तुटलेली साखळी, कोरा चेहरा, प्रश्नानंतरचा लांब रिकामा थांबा, हे दिवसभर वठवणं महाकठीण. पहाटे तीन वाजता, जेवणाच्या रांगेत, नातेवाईक भेटून गेल्यावर माणूस कसा असतो, हे परिचारिका लिहून ठेवतात. निकाल पुष्कळदा त्या वहीत असतो. ‘दोन आणि दोन किती’ला ‘पाच’, ‘घोड्याला पाय किती’ला ‘तीन’, अशी हुकमी जवळपासची चुकीची उत्तरं जर्मन मनोविकारतज्ज्ञ गान्झर यांनी १८९८ मध्येच कैद्यांमध्ये टिपली होती. उत्तर इतकं जवळचं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं! मात्र अशी उत्तरं आली म्हणजे सोंगच, असंही नाही. सोंग घेणारा माणूस खरोखर आजारीही असू शकतो, आणि तेच सगळ्यांत अवघड.

बातम्यांत होणारी एक गल्लत जाता जाता. ‘आरोपी खटल्याला सामोरा जाण्यास असमर्थ’ याचा अर्थ तो निर्दोष असा नाही. आरोप काय आहे हे कळणं, वकिलाला माहिती देता येणं, ही आजची क्षमता झाली. ती नसेल तर आधी उपचार, मग खटला. गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती हा स्वतंत्र प्रश्न.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, आयुष्यभर सरळमार्गी. वर्षभरात तीनदा दुकानातून वस्तू उचलल्या, लपवल्यासुद्धा नाहीत. विचारलं तर ‘हवी होती’ म्हणतात. ना लाज, ना पश्चात्ताप. गोड खाणं अतोनात वाढलंय, कुणालाही काहीही बोलतात. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, ३० पैकी २९ गुण. मग ही चोरीची सवयच म्हणायची का?

म्हणू नका. त्या २९ गुणांवर फाईल बंद करू नका.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा आजार बऱ्याचदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. तो मेंदूच्या पुढच्या भागापासून पोखरायला लागतो, आणि तिथे आठवण नसते, आवर असतो. म्हणून सुरुवातीला तारीख-वार, नातवंडांची नावं सगळं अचूक आणि वागणं मात्र परक्या माणसाचं. तुम्ही लिहिलेलं लाज जाणं, गोडाची हाव, फटकळपणा आणि न लपवता उचलणं त्याच्याशी जुळतं. न लपवणं तर फारच बोलकं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका स्मृतिकेंद्रातल्या जवळपास २,४०० रुग्णांच्या फायली पाहिल्या गेल्या. या आजाराच्या वागणूक बिघडवणाऱ्या प्रकारात ३७ टक्के रुग्णांकडून काही ना काही कायदेभंग झाला होता, अल्झायमर्समध्ये सुमारे ८ टक्के रुग्णांकडून.

मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा, एमआरआय करा, आणि निर्णयक्षमता व आवर तपासणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचण्या आग्रहाने मागा. तीस गुणांच्या चाचणीत ते दिसत नाही. दुसरी कारणंही तपासली जातील : मेंदूतली गाठ, दारू, नैराश्य. पार्किन्सन्ससाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असेल तर ते आवर्जून सांगा. त्या गोळ्यांनी जुगार, खरेदी, खाणं यांवरचा ताबा सुटू शकतो आणि डोस बदलल्यावर परतही येतो. गोळी मनाने बंद मात्र करू नका. क्लेप्टोमेनिया, म्हणजे चोरीची अनावर ओढ लागण्याचा विकार, दुर्मीळ, सहसा तरुणपणी सुरू होणारा. त्यात उचलण्याआधी घालमेल, नंतर सुटका आणि मागाहून अपराधीपणा असतो. तुमच्या वडिलांच्या वर्णनात यातलं काहीच नाही.

एका वहीत बदलांच्या तारखा लिहा : गोड कधी वाढलं, पहिलं उद्धट बोलणं कधी, पहिली वस्तू कधी. निदानाला ती वही लागतेच, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं तर बदल चोरीच्या आधीपासून होता हे दाखवणारा दुसरा कागद तुमच्याकडे नसेल. बँकेचे व्यवहार आत्ताच दोघांच्या सहीवर आणा. या आजारात दुकानातल्या वस्तूपेक्षा गेलेली जमापुंजी जास्त महागात पडते.

प्रश्न : सायकोपॅथ म्हणजे मनोरुग्णच ना?

नाही. सायकोसिस आणि सायकोपॅथी हे शब्द कानाला सारखे वाटतात, एवढंच नातं. सायकोसिसमध्ये वास्तवाचं भान सुटतं. सायकोपॅथला वास्तव नीट दिसत असतं, दुसऱ्याच्या वेदनेने त्याचं काही हलत नाही. कायद्याच्या कसोटीवर तो जबाबदारच ठरतो. मोजमाप कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या यादीने होतं : २० बाबी, प्रत्येकीला ०, १ किंवा २, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा त्याहून जास्त गुण झाले तर सायकोपॅथ, युरोपात बऱ्याचदा २५ ला. प्रशिक्षित माणसाने मुलाखत आणि जुन्या नोंदी दोन्ही पाहून भरायची ही यादी आहे. इंटरनेटवर नवऱ्याला किंवा साहेबाला लावून बघायची नव्हे.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार हे त्याच्या शेजारचं निदान. २००२ च्या एका मोठ्या आढाव्यात तुरुंगातल्या पुरुषांपैकी ४७ टक्क्यांत ते आढळलं. आकडा भयंकर वाटतो, पण त्या निदानाच्या निकषांतच वारंवार कायदा मोडणं येतं. तुरुंगात जाऊन ते शोधलं तर सापडणारच.

प्रश्न : मग तुरुंगात इतके मानसिक रुग्ण का असतात? माझा पुतण्या सध्या आत आहे, बायपोलरवर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावर) उपचार चालू होते. आम्ही काय करू शकतो?

२४ देशांतल्या ३३,००० हून अधिक कैद्यांच्या २०१२ च्या आढाव्यात सायकोसिस साधारण ४ टक्क्यांना आणि गंभीर नैराश्य १० टक्के पुरुषांना व १४ टक्के स्त्रियांना आढळलं. सगळे आजारामुळे गुन्हा करून आले, असा याचा अर्थ नाही. काहींना व्यसनाने आणलं, काहींना बेघर असण्याने. काहींचा आजार आत आल्यावर सुरू झाला, आणि काही जण जामिनाची व्यवस्था न झाल्याने किरकोळ आरोपावर अडकून आहेत. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लायनेल पेनरोज यांनी १९३९ मध्ये युरोपातल्या १८ देशांचे आकडे मांडून दाखवलं होतं, की जिथे मनोरुग्णालयांतल्या खाटा कमी तिथे कैदी जास्त. त्यावर आजही वाद आहे, कारण दोन्ही आकडे तिसऱ्याच कशाने तरी हलत असू शकतात.

पुतण्यासाठी : डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, औषधांची नावं, डोस आणि शेवटचा डोस घेतल्याची तारीख तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. लिथियम (बायपोलरवरचं एक औषध) चालू असेल तर ते ठळक लिहा. त्याला रक्ततपासणी लागते, आणि उन्हाने, जुलाबाने किंवा काही वेदनाशामक गोळ्यांनी त्याची पातळी धोकादायक चढते. दारू पीत असेल तर तेही लपवू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत दारू तुटल्याने येणारे झटके जिवावर बेततात. आत्महत्येचा धोका आत गेल्यावरच्या पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त असतो. पूर्वी प्रयत्न केला असेल तर हे पहिल्याच कागदावर यायला हवं.

सुटकेची तारीख कळली, की त्याच आठवड्यातली मनोविकारतज्ज्ञाची वेळ आधीच घेऊन ठेवा. किमान १४ दिवसांच्या गोळ्या घरात आणून ठेवा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या २००७ च्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या जवळपास १३ पट होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अमली पदार्थांच्या अतिडोसाचा होता. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. पुतण्याला नशेची सवय असेल, तर ही गोष्ट सुटकेआधीच्या भेटीत त्याला या शब्दांत सांगा.